जपानी जहाजावर बॅटवाला नव्हता

दोन्ही हातांत टेबल टेनिसच्या बॅटी घेऊन मी डोंबिवलीतल्या चाळीसेक ज्येष्ठ नागरिकांना महायुद्धातलं जपानी विमान बोटीवर उतरवून दाखवत होतो, आणि ते साफ चुकीचं होतं.

चूक तशी किरकोळ. जपानी विमानं ऐंशी वर्षांपूर्वी कशी उतरायची याबद्दल डोंबिवली पूर्वेत कुणी काहीही सांगितलं, तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण ती चूक झाकायला मी पुढच्या अर्ध्या मिनिटात जे केलं, ते किरकोळ नव्हतं. ते लिहून काढावं म्हणून बसलोय. लिहिताना गंमत करायची नाही असं ठरवलंय, पण मला सवय वाईट आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

आधी माझ्या विद्वत्तेबद्दल. माझी नोकरी ठाण्याला, एका विमा कचेरीत. समुद्राशी संबंध म्हणाल तर भाऊचा धक्का ते रेवस, आणि तेवढ्यातही मी दोनदा लाँचच्या कठड्यावरून वाकलेलो. पण घरात बसून मला युद्धाचं भारी वेड. त्यातही विमानवाहू जहाजांचं. साधा विमानतळ बिचारा जागेवर असतो. हा विमानतळ पळतो, डुलतो, आणि वैमानिक परत येतो तेव्हा जिथे सोडून गेला तिथे नसतो. आणि त्या एवढ्याशा पट्टीवर उतरायचं! परत येणारी ती विमानं कुठे काय करून आलेली असायची, याचा विचार मी कधी केला नाही. मला फक्त उतरण्यात रस. मोबाईलवर असले व्हिडिओ बघत मी इतक्या संध्याकाळी घालवल्यात की बायको म्हणते, ‘तुम्ही आधी वेळेवर जेवणाच्या टेबलावर उतरा.’

आमच्या बिल्डिंगमधले एक आजोबा ज्येष्ठांच्या कट्ट्याचे सेक्रेटरी आहेत. वय एकाहत्तर, उत्साह सतरा. दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये कुणाचं तरी व्याख्यान ठेवतात. ‘मधुमेह आणि आपण’ झालं होतं, मृत्युपत्रावर बोलायला वकीलबाई मिळत नव्हत्या, मधला गुरुवार रिकामा पडत होता. लिफ्टमध्ये त्यांनी मला पकडलं.

“तुम्ही बोला हो काहीतरी. तुम्ही लग्नकार्यात काय मस्त किस्से सांगता!”

“मी जपानी विमानवाहू जहाजांवर बोलू शकेन.”

ते एक मजला गप्प राहिले. मग म्हणाले, “चालेल. पण हसवा.”

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांची आहे. वय ब्याऐंशी. मूळचे रत्नागिरीकडचे. अठराव्या वर्षी नौदलात शिरले, पुढे बाहेर पडून कारखान्यात नोकरी केली, आणि आता ठाकुर्लीला एकटे राहतात. सासूबाई जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून त्यांचं बोलणं आटतच गेलं. बायको रोज फोन करायची. ‘जेवलात का’ला ‘हो’, ‘काय करताय’ला ‘बसलोय’. एकदा ती अचानक गेली तर हे टीव्हीवरच्या बातमीवाल्याला उत्तर देत होते. त्या दिवशी घरी येऊन ती बाथरूममध्ये बराच वेळ नळ सोडून उभी होती.

म्हणून तिनं मनावर घेतलं की बाबांना कट्ट्यावर न्यायचं. चार माणसांत बसतील, बोलतील. ते म्हणायचे, “मला कुठे बोलता येतं? मी काय करू तिथे?” वर्षभर ती मागे लागली होती. माझं व्याख्यान ठरल्यावर मात्र ते म्हणाले, “जावई बोलणार आहेत ना? मग येतो.” तिनं सभासदत्वाचा फॉर्म भरूनच पर्समध्ये ठेवला. फक्त त्यांची सही घ्यायची आणि सेक्रेटरींच्या हातात द्यायचा.

आणि याच सासऱ्यांवर माझा एक किस्सा होता. आमच्या साखरपुड्याला माझ्या वडिलांनी त्यांना विचारलेलं, “नेव्हीत नक्की काय काम होतं आपलं?” ते म्हणाले, “डेक झाडायचो.” माणूस इतक्या सरळपणे असं सांगतो, याचंच मला हसू आलं. पहिल्या दिवाळसणाला मी ते सगळ्यांसमोर रंगवून सांगितलं. मग दरवर्षी त्यात भर पडत गेली. आधी खराटा आला, मग सुपली आली, मग केळीच्या सालीवरून घसरणारा अ‍ॅडमिरल आला. बारशाला, मुंजीला, गणपतीत, चोवीस वर्षं मी हा किस्सा चालवला. सासरे समोर असायचे. हसायचे. मला वाटायचं, किती खेळकर माणूस आहे.

तर तो गुरुवार. सासरे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तिसऱ्या रांगेत, शेजारी बायको. मी जोरात होतो. जहाज वाऱ्याच्या दिशेनं तोंड कसं वळवतं, डेकवर आडव्या पोलादी तारा कशा लावलेल्या असतात, विमानाच्या शेपटीखालचा आकडा त्यातल्या एका तारेत कसा अडकायला हवा, नाही अडकला तर काय होतं, हे सगळं मी सांगितलं. मग सोसायटीच्या क्लबरूममधून आणलेल्या बॅटी बाहेर काढल्या. एकीचं रबर सुटलेलं होतं, ते फडफडत होतं.

“आता जपानी डेकच्या टोकाला एक माणूस उभा असतो. बॅटवाला! हात वर केले तर विमान फार वर आहे, खाली केले तर फार खाली. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही विमान व्हा!”

सेक्रेटरी खरोखर दोन्ही हात पसरून मधल्या वाटेनं घरघरत आले. मी बॅटी हलवल्या, ते डावीकडे कलले, एका आजींच्या पर्सला पंख लागला. हॉल हसून हसून लोळायचा बाकी होता. इतका हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

तेवढ्यात सासऱ्यांनी हात वर केला आणि उभे राहिले.

“एक सांगू का? जपान्यांकडे बॅटवाला नव्हता. तो इंग्रजांकडे, अमेरिकनांकडे. जपान्यांनी डेकच्या कडेला दिवे लावलेले. लाल आणि हिरवे. ते बघून वैमानिक आपला आपण उतरायचा.”

अडीच वर्षांत ते सलग एवढी वाक्यं बोललेली मी ऐकली नव्हती. बायकोनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं होतं ते मला नीट आठवतं, म्हणून जास्त लाज वाटते. आनंद आला होता.

मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला पाठ आहे. ‘असं? बाबा, या ना पुढे, तुम्हीच सांगा.’ पण माझ्या हातात दोन बॅटी, समोर अर्धवट विमान झालेले सेक्रेटरी, आणि हशा विरत चाललेला. मला तो परत हवा होता.

“मंडळी,” मी म्हणालो, “हे माझे सासरे. नेव्हीत होते. डेक झाडायला! आता झाडणाऱ्याची मान कायम खाली. वर बॅटवाला उभा आहे की दिवा लागलाय, त्यांना कसं हो दिसणार?”

आधीच्या दुप्पट हशा. टाळ्या. सेक्रेटरींना हसता हसता ठसका लागला.

सासरेही हसले. “बरोबर आहे,” म्हणाले, आणि बसले.

बायकोनं माझ्याकडे बघितलं, लगेच नजर काढून घेतली आणि मांडीवरच्या पर्सची चेन लावली.

नंतर चहा-वडे होते. कुणीतरी अगदी प्रेमानं सासऱ्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, “काय झाडूवाले, वडा घ्या!” त्यांनी घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि मुलीला म्हणाले, “मला रिक्षा करून दे.” फॉर्म पर्समधून बाहेर आलाच नाही.

घरी आल्यावर बायकोनं पर्स खुंटीला अडकवली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला चार विनोद सुचतात. तिनं कुकर लावला. मी सोफ्यावर बसून मोबाईल काढला आणि शोधायला लागलो. खरं सांगतो, मी सासरे बरोबर आहेत का ते बघत नव्हतो. ते चूक आहेत याचा पुरावा शोधत होतो, म्हणजे जेवताना तोंडावर मारता आला असता.

पहिली शिट्टी व्हायच्या आत कळलं की ते बरोबर होते. तीन-चार ठिकाणी तेच लिहिलेलं. जपानी डेकच्या कडेला दिव्यांच्या दोन रांगा, एक लाल, एक हिरवी, एक थोडी पुढे, एक थोडी मागे. वैमानिकाला दोन्ही रंग एका रेषेत दिसले की त्याची उतरण बरोबर. एक रंग दुसऱ्याच्या वर दिसला की तो फार वर आहे किंवा फार खाली. कुठला रंग वर म्हणजे काय, हे मी त्या संध्याकाळी चारदा वाचलं आणि आजही उलटसुलट सांगेन, म्हणून सांगत नाही. झेंडा घेतलेला खलाशी असायचा, पण तो फक्त डेक मोकळा नसला तर ‘थांब’ म्हणायला. बाकी कुणी हात हलवून सांगणारा नाही. दिवे जे आहे ते दाखवणार, आपण कुठे आहोत ते ज्याचं त्यानं बघायचं. डेकच्या पुढच्या टोकाला वाफेची एक पांढरी रेघ सोडलेली असायची, ती बघून वारा कळायचा. आणि जहाजाच्या मागे एक लहान युद्धनौका चालायची, चुकून पाण्यात पडलेल्या वैमानिकांना उचलायला. त्या कामाला जपानी खलाशी ‘चतुर पकडणं’ म्हणायचे. आपण लहानपणी पंख धरून पकडायचो ना, ते चतुर. इतर वेळी एवढा तपशील मिळाला असता तर मी नाचलो असतो.

“अगं,” मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणालो, “बाबांचं बरोबर होतं.”

“मला माहीत होतं.”

“तुला दिव्यांचं माहीत होतं?”

“दिव्यांचं नाही,” ती म्हणाली. “बाबांचं.”

रविवारी सासरे आमच्याकडे जेवायला येतात. साडेअकराला बेल वाजते, हातात काहीतरी असतं, दोन काकड्या का असेनात. त्या रविवारी बेल वाजली नाही. फोन केला तर म्हणाले, “पोट जड आहे जरा.” बायकोनं डबा भरला, माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही जा.”

“दोघं जाऊ की.”

“तुम्ही जा.”

ठाकुर्लीला पोहोचेपर्यंत मी रिक्षात वाक्यं जुळवत होतो. वर गेल्यावर सगळी विसरलो. त्यांनी पाणी दिलं, पंखा वाढवला. त्यांच्या सोसायटीच्या लिफ्टवर आम्ही दहा मिनिटं बोललो, टाकीच्या गळतीवर पंधरा. पोट अगदी ठणठणीत होतं. माझ्यासमोरच त्यांनी दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी खाल्ली. शेवटी मी घसा खाकरला.

“बाबा, ते दिव्यांचं... तुमचं बरोबर निघालं.”

असं म्हणालो, जसं काही पेपर पुन्हा तपासून दोन मार्क वाढवून देतोय.

“हं,” ते म्हणाले. “बरं झालं बघितलंत.”

“पण तुम्हाला कसं माहीत?”

“ट्रेनिंगला एक मास्तर होते, त्यांनी सांगितलेलं. आमच्या बोटीवर आरसा होता. मोठा. त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवे दिवे. आरशात एक उजेडाचा गोळा दिसायचा, तो हिरव्यांच्या ओळीत ठेवत वैमानिक उतरायचा. मास्तर म्हणायचे, आरशाच्या आधी इंग्रज माणूस उभा करायचे, पण जपानी त्याच्याही आधीपासून दिव्यांवर उतरायचे.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “मी तारांवर होतो ना. आरसा समोरच.”

“तारांवर?”

“विमान थांबलं की धावत जाऊन आकडा सोडवायचा. तार परत जागेवर गेली पाहिजे, मागून दुसरं येतच असतं. तार तुटली तर माणसाचे पाय घेऊन जाते, म्हणून लक्ष ठेवायला लागतं. सात वर्षं केलं.”

सात वर्षं! आणि गुरुवारी तिसऱ्या रांगेत बसवून मी या माणसाला तार म्हणजे काय, आकडा म्हणजे काय, हे अभिनयासकट शिकवलं होतं.

“पण तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा.”

“बोललो होतो. साखरपुड्यालाच. तुमच्या वडिलांना म्हटलं, सकाळी डेक झाडायचो, मग दिवसभर तारांवर. तुम्ही झाडूवरच थांबलात.” त्यात राग नव्हता. लिफ्टबद्दल बोलले त्याच आवाजात बोलले. “झाडणं सगळ्यांनाच असायचं. खांद्याला खांदा लावून रांग करायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालायचं. एखादा स्क्रू, तारेचा तुकडा, खडा. इंजिनात गेला की संपलं. साहेब लोकसुद्धा असायचे रांगेत.”

मी विचारलं, “गुरुवारी याल ना कट्ट्यावर?”

“नको. मंडळी चांगली आहेत. पण तिथे आता मी झाडूवाला. या वयात नवीन ठिकाणी जायचं तर माणूस म्हणून जावं, गंमत म्हणून काय जायचं?” मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाले, “तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मला घरी बरं वाटतं.”

घरी बरं वाटतं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. बातमीवाल्याला उत्तरं देणं.

मी ठरवलं, हे आपण निस्तरायचं. जाहीर चूक, जाहीर दुरुस्ती. सेक्रेटरींकडून पुढच्या गुरुवारी दहा मिनिटं मागून घेतली. बायको आली होती, दारापाशी उभी राहिली. मी सुरुवात केली, “मंडळी, गेल्या गुरुवारी मी तुम्हाला जे जपानी विमान उतरवून दाखवलं ते बुडालं!” हशा. झालं, गाडी सुटली. मग मी स्वतःच विमान झालो, चुकीच्या दिव्याकडे गेलो, समुद्रात पडलो, मागून आलेल्या बोटीनं मला चतुरासारखं शेपटीला धरून उचललं. मध्ये कुठेतरी, ‘माझ्या सासऱ्यांनी माझे दिवे लावले’ असंही म्हणालो. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. दहाची वीस मिनिटं झाली. एक गृहस्थ खास उठून येऊन म्हणाले, “पहिल्यापेक्षा आजचं भारी.”

सेक्रेटरींनी समारोप केला. “आणि पुढच्या वेळी त्या झाडूवाल्या आजोबांना आणाच हो. जोडी जमेल तुमची!”

जिन्यात बायको म्हणाली, “ही माफी होती की दुसरा प्रयोग?”

खरं तर जिना उतरेपर्यंत टाळ्या अजून कानात होत्या आणि बऱ्या वाटत होत्या. हे लिहायला नको होतं, पण लिहून टाकतो.

शनिवारी सकाळी कुणाला न सांगता ठाकुर्लीला गेलो. सासरे ताटात कुळीथ घेऊन निवडत बसले होते. गावाहून कुणीतरी आणून दिले होते. चष्मा नाकाच्या टोकावर, बोटं दाण्यांमधून हळूहळू फिरत होती. मी समोर खाली बसलो.

“बाबा, मी तुमचा अपमान केला. त्या दिवशी केला, आणि त्याआधी चोवीस वर्षं करत आलोय. तुम्ही हसायचात म्हणून मला चालतंय असं वाटलं. म्हणजे, मी वाटून घेतलं.”

पुढे एक विनोद आला होता तोंडाशी. गिळला. कसा गिळला माझं मला माहीत.

त्यांनी एक खडा उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. “हसणार नाही तर काय करणार? जावई बोलतोय. मुलगी तुमच्या घरात.”

एवढंच. मला वाटलं होतं ते म्हणतील, ‘जाऊ द्या हो.’ ते म्हणाले नाहीत. आणखी दोन खडे काढले.

“आणि हे इथे सांगून काय उपयोग?” ते म्हणाले. “इथे आहे कोण ऐकायला? तुम्ही बोललात ते चाळीस माणसांत.”

“तिथे सांगितलं तर तुम्ही याल?”

“तिथे तुम्ही परत रंगवणार.”

“नाही रंगवणार.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. विमा कचेरीत आम्ही क्लेमचा कागद बघतो तसं. “येईन,” म्हणाले. “पण मला बोलायला उभं करायचं नाही. सत्कार नको, नारळ नको.”

त्यानंतरच्या गुरुवारी मृत्युपत्रावर बोलायला वकीलबाई आल्या होत्या. त्यांच्या आधी मला दोन मिनिटं मिळाली. सासरे या वेळी शेवटच्या रांगेत, भिंतीकडच्या खुर्चीवर. मी उभा राहिलो आणि पहिल्या रांगेतली दोन-तीन माणसं मी तोंड उघडायच्या आधीच हसायला लागली. सेक्रेटरींनी बसल्या बसल्या हात पसरून विमान करून दाखवलं. मागून आवाज आला, “आजोबा आलेत! झाडू आणलाय का?”

माझं कसं आहे, पहिल्या वाक्याला हशा आला नाही तर दुसरं वाक्य मला सापडत नाही. त्या दिवशी पहिल्या वाक्याला हशा येऊ द्यायचा नव्हता.

“झाडू कुणी म्हणू नका,” मी म्हणालो. आवाज भलताच वर गेला. “ती... ती माझी चूक आहे. म्हणजे दोनदा झालेली. ते मागे बसलेत ते माझे सासरे. ते विमानवाहू जहाजावर तारांवर होते. सात वर्षं. म्हणजे विमान उतरलं की ते... तार सोडवायची असते. ते धोक्याचं असतं. त्यांनी मला त्या दिवशी बरोबर सांगितलं होतं आणि मला माहीत नव्हतं, आणि मला माहीत नाही हे तुम्हाला कळू नये म्हणून मी त्यांची टिंगल केली. ते वाईट केलं. मी त्यांची माफी मागतो. तुमच्यासमोर.”

कुणी हसलं नाही. कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एक आजी खोकल्या. सेक्रेटरींचे हात अजून अर्धवट पसरलेले होते, ते त्यांनी हळूच घडी करून मांडीवर ठेवले. खाली बसायची खुर्ची कुठली ते मला आठवेना. शेवटी मागून सासऱ्यांचाच आवाज आला.

“बसा आता, जावईबापू. बाई खोळंबल्यात.”

वकीलबाईंनी मृत्युपत्र सुरू केलं. साक्षीदार दोन लागतात, डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. लोक वहीत उतरवून घेत होते. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते बरं वाटलं.

चहाच्या वेळी मी मुद्दाम लांब, खिडकीपाशी थांबलो. सासरे आपला कप घेऊन भिंतीकडेच उभे होते. पाचेक मिनिटं कुणी गेलं नाही त्यांच्याकडे. मला वाटलं, आता ते कप ठेवतील आणि रिक्षा मागतील. मग तेच गृहस्थ, ज्यांनी वडा देताना पाठीवर थाप मारली होती, ते सरकत सरकत जवळ गेले.

“तार केवढी जाड असायची हो?”

सासऱ्यांनी अंगठा दाखवला.

“आणि विमान अडकलं की पुढे किती जायचं?”

“इथून,” त्यांनी स्टेजकडे बोट केलं, मग मान हलवली. “नाही. हा हॉल पुरायचा नाही.” आणि कप खिडकीत ठेवून दोन्ही हात मोकळे केले. आणखी दोघं वळले. काय सांगत होते ते मला लांबून ऐकू येत नव्हतं. मी जवळ गेलो नाही. गेलो असतो तर बोललो असतो.

निघताना त्यांनी सेक्रेटरींना विचारलं, “पुढच्या गुरुवारी काय?”

“गुडघेदुखी,” सेक्रेटरी म्हणाले, आणि जरा थांबून, “या नक्की. आपलं नाव लिहून घेऊ का?”

बायकोनं पर्स उघडून घडी पडलेला फॉर्म काढला. सासऱ्यांनी टेबलावर वाकून सही केली.

त्यांना ठाकुर्लीला सोडून आम्ही त्याच रिक्षानं परत निघालो. मला वाटत होतं बायको काहीतरी म्हणेल. बरं बोललात, निदान झालं एकदाचं, काहीतरी. ती बाहेर बघत होती. पुलाशी रिक्षा अडकली तेव्हा ती माझ्याकडे न बघता बोलली.

“तुम्ही तो झाडूचा किस्सा सुरू केलात की आई उठून स्वयंपाकघरात जायची. दरवेळी. तुम्हाला वाटायचं, पोळी आणायला गेली.”